भुजंगरावांच्या फोटोखालची तारीख

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. संगणकावर फोटो कापणे, जोडणे आणि त्यांवर अक्षरे बसवणे हे माझे काम. मला कुणी विकत घेत नाही, कारण मला किंमतच लावलेली नाही. एकमेकांना कधी न भेटलेल्या देशोदेशीच्या माणसांनी मला फावल्या वेळात घडवले आणि ज्याला हवा त्याने न्यावा म्हणून सोडून दिले.

सहा वर्षांपूर्वी जुन्या जालन्यातल्या एका संस्थेत रेणुकाने मला उतरवून घेतले. ही संस्था खेड्यांतल्या लोकांचे डोळे मोफत तपासते. रेणुका केदारखेड्याची, मेंढपाळाच्या घरातली. गावोगावी फिरून रुग्णांची यादी करणे ही तिची नोकरी. पण पोस्टर करायला दुसरे कुणी नव्हते, म्हणून ती माझ्यासमोर बसू लागली. पहिल्या महिन्यात तिच्या हातून डॉक्टरांचा एक कान कापला गेला. वर्षभरात तिचे पोस्टर रस्त्यापलीकडून वाचता येऊ लागले. रंग दोनच, अक्षरे ठळक, तारीख आणि ठिकाण सर्वांत वर.

मग प्रसिद्धीप्रमुख म्हणून भुजंगराव आले. त्यांनी महागडा प्रोग्राम आणवला आणि माझे चिन्ह उचलून ‘अडगळ’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. “फुकटात आलंय, काम बी तसंच करणार,” ते सगळ्यांसमोर म्हणाले.

मी ते लक्षात ठेवले.

फेब्रुवारीत त्यांना माझ्याकडेच यावे लागले. वाटूरच्या शिबिराचे पोस्टर रेणुकाने माझ्यात केले होते आणि तिची फाइल महागड्या प्रोग्रामला उघडेना. भुजंगरावांना त्यावर मान्यवरांचे फोटो हवे होते. आपल्याकडे चेहऱ्यांच्या रांगेशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. रेणुका तेव्हा गावांत फिरत होती. त्यांनी वरच्या बाजूला अकरा गोल चेहरे बसवले, मधोमध सर्वांत मोठा स्वतःचा. फाइल जतन केली आणि फ्लेक्स थेट छापायला पाठवला. तारीख आणि ठिकाण चेहऱ्यांखाली झाकले गेले. त्यांच्या ते लक्षात आले नाही. ते स्वतःचा फोटो पाहत होते.

शिबिर रविवारी झाले आणि डॉक्टर निम्म्या दिवसातच परतले, कारण रुग्णच आले नाहीत. मंगळवारी वाटूरचे म्हातारे धुळाजी सुनेचा हात धरून कार्यालयात आले.

“सुनेनं तीनदा वाचलं बा,” ते म्हणाले. “समदे चेहरे घावले. तारीख न्हाई घावली.”

संस्थेचे अध्यक्ष मिश्रीलाल शेठ तिथेच होते, गावांतून परतलेली रेणुकाही होती. त्यांनी भुजंगरावांकडे पाहिले.

“रेणुकानं तारीख टाकलीच न्हाई, शेठजी. फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम करून राह्यली ती. मी काय करू?”

“असं असेल तर बेटा,” शेठजी रेणुकाला म्हणाले, “तुझ्या नोकरीचंच बघावं लागेल.”

“बघा, शेठजी. पण आधी फाइल बघा.”

मी सावकाश उघडलो. संगणक जुना आहे, हे एक कारण. दुसरे मी सांगत नाही.

मित्रांनो, माझ्यात केलेले काम थराथरांनी राहते, काचेवर काच ठेवावी तसे. वर काही ठेवले म्हणून खालचे जात नाही. प्रत्येक थराशेजारी एक छोटा डोळा असतो. तो मिटला की तो थर दिसेनासा होतो. आणलेल्या फोटोच्या फाइलचे नावच त्याच्या थराला लागते. भुजंगरावांना हे माहीत नव्हते. सहा वर्षे माझ्यासमोर बसलेल्या रेणुकाला माहीत होते.

तिने एकेक डोळा मिटायला सुरुवात केली. एक चेहरा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यापाशी ती थांबली.

“हे तुम्ही हायेत, शेठजी.”

“जाऊ दे, जाऊ दे. पुढं चल जल्दी.”

शेवटी मधला मोठा चेहरा उरला.

“या थराचं नाव काय लिहिलंय? बराबर वाच,” शेठजी म्हणाले.

“‘भुजंगराव फायनल’,” रेणुकाने वाचले आणि तो डोळाही मिटला.

खाली ठळक अक्षरांत उभे होते: रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी नऊ, वाटूर.

भुजंगराव पंख्याकडे पाहू लागले. मी मात्र त्यांच्याकडेच पाहत होतो.

“तारीख तर आहे,” शेठजी म्हणाले. “तुम्हीच तिच्यावर बसलात, भुजंगराव.”

“आता मंग माझ्या डोळ्याचं काय?” धुळाजींनी विचारले.

शेठजींनी तिथल्या तिथे ठरवले. वाटूरला पुन्हा शिबिर होणार, पोस्टर रेणुका करणार, चेहरा एकाचाही नाही. आणि घरोघरी जाऊन तारीख सांगायला भुजंगराव पायी फिरणार.

ते फिरले. धुळाजींनी त्यांच्याकडून तारीख तीनदा वदवून घेतली, असे सुनेने सांगितले. ते ऐकून मला फार बरे वाटले.

आता रोज सकाळी भुजंगराव माझ्यासमोर बसून शिकतात. त्यांना हवे ते चिन्ह सापडत नाही. मी मदत करत नाही.

“ती जुनी फाइल पुसून टाक ना,” परवा ते रेणुकाला हळूच म्हणाले. “झालं गेलं.”

“राहू द्या, सर. नव्या माणसांना शिकवायला लई कामी येती.”

मित्रांनो, फुकट मिळालेल्या वस्तूला आणि कमी बोलणाऱ्या माणसाला नीट वागवा. आमची दया येते म्हणून नव्हे. तुम्ही आमच्यावर काय काय ठेवलेत, ते आमच्याजवळ थराथराने राहते. कुणी पुसायला सांगितल्याशिवाय मी काहीच पुसत नाही, आणि रेणुका सांगत नाही.