पेला, छत्री आणि साखळी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागीट आहे. रहाटणीच्या एका खोलीत भिंतीला टेकून उभी असलेली जुनी फळी आहे मी, आणि गोडगोड गोष्ट ऐकायची असेल तर खुशाल दुसरीकडे जा.

मी मूळची एका भल्यामोठ्या लाकडी खोक्याची बाजू. चौसष्ट साली पिंपरीच्या एका कारखान्यात परदेशातून पत्रा दाबून आकार देणारं प्रेस मशीन आलं, ते आमच्या खोक्यात बसून. माझ्या अंगावर काळ्या रंगात तीन चित्रं छापलेली होती. पेला म्हणजे माल नाजूक आहे, जपून. छत्री म्हणजे भिजू देऊ नका. साखळी म्हणजे उचलायचं तर क्रेनची साखळी इथंच लावा. काय थाट होता आमचा त्या दिवशी! तिथले मॅनेजर प्रभाकरसाहेब स्वतः उन्हात उभं राहून "हळू, अरे हळू!" ओरडत होते. माझ्यावर साधा ओरखडा उठला नाही.

मशीन निघालं, खोकं मोडलं. त्या मशीनवर कामाला लागलेल्या साहेबरावांनी गेटपास काढून मला सायकलला बांधून घरी आणलं. खाली दोन पट्ट्या ठोकल्या आणि दाराशी माझं बाकडं झालं. त्यांची बायको तानुबाई माझ्यावर बसून भाजी निवडायची. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. तिनं विचारलं, "अवं, ह्यो पेला कशापायी काढलाय?" साहेबरावांनी तिन्ही चित्रांचा अर्थ सांगितला. तिला फार हसू आलं. "लाकडाची लईच काळजी बया!" म्हणाली.

दहा वर्षं मजेत गेली. मग चौऱ्याहत्तर साल आलं आणि माझं डोकं फिरलं ते आजतागायत ताळ्यावर नाही.

प्रेसमध्ये लोखंडाचा जड साचा बसवतात, त्याला डाय म्हणतात. ती उचलायला साखळी ओढून वजन वर घेणारी चेनपुली होती. पण चेनपुली लावायला वेळ जातो, आणि वरून सारखं "माल काढा, माल काढा". म्हणून दोघा माणसांनी डाय हातानंच उचलायची, कंबरेतून वळायचं आणि मशीनवर ठेवायची. रोज. एके दिवशी वळतावळता साहेबरावांच्या पाठीच्या मधोमध काहीतरी सटकलं. दुखणं पाठीत राहिलं नाही, दोन्हीकडच्या बरगड्यांवरून फिरून छातीवर आलं. पट्टा आवळावा तसं.

कंपनीच्या डॉक्टरांनी शर्ट वर करायलासुद्धा सांगितलं नाही. छातीवर दुखतं म्हणजे गॅस! चघळायच्या गोळ्या दिल्या आणि "जा कामावर" म्हणाले. तीन आठवडे साहेबराव गोळ्या चघळत डाय उचलत होते. चौथ्या आठवड्यात खोकला आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फोरमन म्हणाला, "नाटकं पुरे, राव." नाटकं म्हणे! त्याच्या बरगड्यांत कुणी सळई घातली असती तर कळलं असतं त्याला.

आता घरच्यांचीही बाजू घेणार नाही मी. शेजारचा कोंडाजी, साहेबरावांच्याच पाळीतला, जीव लावणारा माणूस. तो म्हणाला, "ही उसण हाय. पायाळूचा पाय लागला की जाती." पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस. तसल्या माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडं मानतात. साधी लचक असेल तर पाय लावला काय आणि न लावला काय. पण ही लचक नव्हती.

खेडहून दत्तोबा नावाच्या पायाळूला आणलं. म्हातारा मनानं निर्मळ होता, विडीसुद्धा घेतली नाही त्यानं. साहेबरावांना माझ्यावर पालथं झोपवलं. दत्तोबांनी देवाचं नाव घेतलं आणि नुसता पाय न लावता टाच रोवून सगळं वजन टाकलं. खाली मी. कडक, न वाकणारी. खाट असती तर खाली दबली असती, मी दबले नाही. सगळा जोर त्यांच्या मणक्यातच गेला. तो आवाज मी अंगावर ऐकलाय. म्हणून माझा राग माझ्यावरही आहे.

साहेबराव उठायला गेले तर पाय लटपटले. "तानू," ते म्हणाले, "पाय माझं न्हाईत गं."

हातगाडीवरून त्यांना विम्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर चारुलताबाई होत्या. त्यांनी पाठीचा एकेक मणका बोटानं दाबला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचणी टोचत टोचत पायापासून छातीपर्यंत आल्या आणि विचारत राहिल्या, कळतंय का, इथं कळतंय का. अर्धा तास! मग म्हणाल्या, "दोन मणक्यांमध्ये गादी असते, ती सरकून आतल्या मज्जारज्जूवर दाबतेय. हा गॅस नाही. आणि पाठीवर पाय कुणी दिला?"

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पाठीच्या त्या भागात ऑपरेशन जोखमीचं. आधी कडक फळीवर उताणं पडून राहायचं. पायांतलं बळ आणखी घटलं तरच चिरायचं. झालं, नवारीची खाट बाहेर गेली आणि मी आत आले.

सात आठवडे मी त्या माणसाला पाठीवर घेतलं. कूस बदलायची तर कोंडाजीनं खांदे धरायचे, तानुबाईनं कंबर आणि पाय धरायचे, आणि तिन्ही एकदम फिरवायचं, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. ती रोज टाचा आणि माकडहाड बघायची, कुठं लाल झालंय का. साहेबराव चिडायचे. एकदा चहाची कपबशी भिंतीवर फेकली. तिनं तुकडे गोळा केले आणि बाहेर जाऊन रडली. आणि येणारेजाणारे शहाणे काय म्हणायचे? "मजाय बुवा, पडून पगार!" एकेकाच्या पायात कुसळ होऊन शिरावंसं वाटायचं मला.

पाचव्या आठवड्यात अंगठा हलला. सातव्यात ते भिंत धरून उभे राहिले. लोखंडी पट्ट्यांचा जाड पट्टा मिळाला, व्यायाम मिळाले. काठी घेऊन का होईना, माणूस चालायला लागला. चारुलताबाईंनी चिठ्ठी दिली: बसून करायचं हलकं काम द्यावं. त्यांनी तानुबाईला बजावलं, "पुन्हा वजन उचललं तर पाय कायमचे जातील."

साहेबराव चिठ्ठी घेऊन गेले आणि तासाभरात परत आले. कंपनीच्या डॉक्टरांनी ती न वाचताच शेरा मारला होता: कामास योग्य. उद्यापासून प्रेसवर डाय उचला, नाहीतर राजीनामा द्या. साहेबराव माझ्यावर बसले आणि म्हणाले, "जातो उद्या. दुसरं काय येतंय मला?"

तानुबाई कडाडली, "पाय घालवून येनार व्हय? कंपनीनं काय फक्त लाकडाचीच काळजी करायची का?"

तिनं त्यांचा खाकी शर्ट माझ्यावर पसरला. चुलीची काजळी तेलात कालवली. माझ्याकडं बघत बघत, शर्टाच्या पाठीवर बोटानं एक मोठा पेला काढला, शेजारी साखळी काढली. छत्री जमली नाही, ती सोडून दिली. साहेबराव लाजले, रागावले, पण सकाळी त्यांनी तोच शर्ट घातला.

पुढचं कोंडाजीनं संध्याकाळी येऊन सांगितलं. गेटवर आधी हशा पिकला. प्रभाकरसाहेब खाली आले. "हा काय तमाशा आहे?"

साहेबराव म्हणाले, "साहेब, मशीन आलं तेव्हा खोक्यावर हेच होतं. तुम्ही स्वतः उन्हात उभे होता. माझ्यावर काढायचं राहून गेलं होतं, ते बायकोनं काढलं."

मग कोंडाजीनं स्वतःचा शर्ट काढून उलटा केला आणि मशीनच्या काळ्या ग्रीसनं पाठीवर पेला काढला. बघता बघता प्रेसवरच्या अकरा जणांच्या पाठीवर पेले उमटले. साहेबांनी चिठ्ठी मागून घेतली आणि पहिल्यांदाच ती वाचली. साहेबरावांना माप तपासायच्या टेबलाशी खुर्ची मिळाली. डाय उचलायची तर चेनपुली लावूनच, असा हुकूमही निघाला.

सगळे म्हणाले, जिंकलो. मी नाही म्हणत. साहेबरावांचा उजवा पाय अजून ओढत पडतो. डॉक्टरबाईंनी अर्धा तास तपासून लिहिलेली चिठ्ठी कुणी वाचली नाही, काजळीचा पेला मात्र वाचला. यात खूश काय व्हायचं?

मित्रांनो, आज माझ्यावरची चित्रं पुसत आली आहेत. पुसू देत. पण कुणी "दुखतंय" म्हणालं तर त्याच्या पाठीवर काही छापलंय का ते शोधत बसू नका. तो बोलतोय ना, तेवढं ऐका. आम्हा खोक्यांना बोलता येत नाही, म्हणून आमच्यावर चित्रं काढावी लागतात.