पोटावरचा टाका

मित्रांनो, मी एक जुनी निळी सॅक आहे. माझ्या पोटावर हा काळ्या दोऱ्याचा लांबलचक टाका दिसतो ना, त्याचीच गोष्ट सांगते.

नदीकाठच्या या घरात मला आणलं ते संकटासाठी. आईने मला भरलं: टॉर्च, बॅटऱ्या, बिस्किटं, दोरी, शिट्टी आणि आजीच्या दम्याचा एक जास्तीचा पंप. मग दाराजवळच्या खुंटीवर टांगून सगळ्यांना बजावलं, "हिला कुणी हात लावायचा नाही!"

लावला सगळ्यांनी. बाबांनी रिमोटसाठी बॅटऱ्या नेल्या, ताईने खेळाच्या तासाला शिट्टी. बिस्किटं कुणी संपवली तेही मला ठाऊक आहे, पण आईचं नाव मी कशाला घेऊ? जो तो म्हणे, "उद्या आणून ठेवतो." तो उद्या काही माझ्या पोटात आला नाही. तरी खरं सांगू? उचलायला का होईना, कुणाचा तरी हात आत यायचा.

शेवटी आईने मला पुन्हा भरलं आणि चेनला इवलंसं कुलूप लावलं. किल्ली ठेवली 'अगदी सुरक्षित जागी'. त्यानंतर दीड वर्ष मला कुणी शिवलं नाही. शेजारच्या खुंटीवरची छत्रीसुद्धा जाऊन-येऊन असायची. मी आपली लटकलेली.

मग एका सकाळी नदीच घरात आली. बाबांनी मला खांद्यावर टाकलं आणि सगळे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीकाकांकडे धावले. जिना चढताना आजीला धाप लागली. तिचा रोजचा पंप खाली उशाशीच राहिला होता.

"सॅकमध्ये आहे की!" बाबा म्हणाले. "किल्ली कुठंय?"

"कपाटाच्या खालच्या खणात," आई पुटपुटली.

"म्हणजे पाण्यात! वा! चोरांपासून वाचवलंस खरं."

"चोर कोण होते, ते बोलू का आत्ता?"

"भांडण उद्या करा," शिंपीकाका म्हणाले आणि त्यांची कात्री माझ्या पोटात शिरली. दुखलं? छे! दीड वर्षाने कुणीतरी आत आलं होतं.

पंप सापडला. काकांनी तारीख वाचली. मुदत संपायला नऊ दिवस होते. आजीने दोनदा पंप ओढला, तेव्हा कुठे तिची धाप थांबली.

काकांनी मला शिवलं आणि कुलूप फेकून दिलं. आता महिन्यातून एकदा आजी मला मांडीवर घेते, एकेक वस्तू काढते, तारखा वाचते, परत ठेवते. तेवढा तास माझा. बाकीचे दिवस मी आणि खुंटी.

मित्रांनो, तुमच्या दारामागेही माझी एखादी बहीण टांगलेली असेल. तिला कुलूप लावू नका. काही नेलंत तर परत आणून ठेवा. आणि काही नको असलं, तरी अधूनमधून चेन उघडून आत डोकावा. संकट येईपर्यंत तिला दुसरं कोण आहे?