बाबांसाठीचं मागणं

लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि देवावर त्याचा विश्वास नव्हता. ते तो लपवूनही ठेवत नसे. संध्याकाळी बायको दोन्ही मुलांना घेऊन कोपऱ्यातल्या दिव्यापुढे चटईवर बसली, की हातांवरचं ग्रीस घासत हा मोरीतून ओरडायचा, "मी रोज शेकडो माणसांना वर पाठवतो आणि सुखरूप खालीही आणतो. तुमच्या देवाला अजून निम्मंच काम जमतंय!"

"अहो, मुलांसमोर तरी जिभेला हाड असू द्या," बायको हसू दाबत म्हणायची.

मुलांना मात्र त्याने कधी अडवलं नाही. लहानपणी त्याची आई आजारी पडली होती, तेव्हा मोठ्यांनी त्याला सांगितलं होतं, "मनापासून माग, देव लहान मुलांचं ऐकतो." तो डोळे घट्ट मिटून मागत राहिला आणि आई गेली. आपण मनापासून मागितलं नाही म्हणून ती गेली, हे त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. पुढे कधीतरी त्याने ठरवून टाकलं की ऐकणारं कोणी नसतंच. त्यानंतर त्याला जरा मोकळा श्वास घेता आला. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीकडे चढताना, त्याच्या पोटात कळ आली आणि तो पायरीवरच बसला. तपासण्या झाल्या. गाठ पोटापुरती राहिली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की औषधांनी थोडे दिवस मिळतील, त्यापलीकडे काही नाही. मुलांना इतक्यात कळू द्यायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं. बाबांना बरं नाही, एवढंच सांगितलं.

आता तो दिवसभर घरात, खिडकीजवळच्या खाटेवर. आजवर मोरीतून ऐकलेली प्रार्थना तो पहिल्यांदाच समोर बसून बघत होता. धाकटा टिल्लू एक डोळा किलकिला ठेवून देवाशी गप्पाच मारायचा. "देवा, माझा दात हलतोय. तुझा हलतो का?" थोरली ताई आधी पाढे म्हटल्यासारखी घडाघडा म्हणून मोकळी व्हायची, ती आता एकेक शब्द थांबून म्हणू लागली. आईला विचारायची, "इतक्या सगळ्यांचं एकदम कसं ऐकू येतं गं त्याला?" खेळ अर्धा टाकून ती वेळेवर घरी यायची. आणि रोज शेवटी दोघांचं एकच मागणं असायचं, "देवा, आमच्या बाबांना बरं कर."

एकदा टिल्लूने मध्येच जांभई दिली. ताईने त्याचा दंड धरून हलवला. "नीट माग! मनापासून! नाहीतर बाबा बरे होणार नाहीत आणि तो तुझा दोष असेल."

खाटेवरून त्याने ते ऐकलं. हेच कुसळ. आपण गेलो की हेच पोरीच्या मनात रुतणार.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "आज मी बसतो मुलांबरोबर. त्यांचं मागणं बदलायला हवं." तिने मान हलवली.

संध्याकाळी भिंतीचा आधार घेत तो चटईवर उतरला. "आजपासून 'बाबांना बरं कर' असं नाही म्हणायचं. 'देवा, आमच्याजवळ राहा', एवढंच म्हणायचं."

"आपल्याकडे जागा कुठाय?" टिल्लूने विचारलं. "बाबांच्या खाटेवर झोपेल का तो?"

ताई हसली नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती. "का नाही म्हणायचं?"

"हेही चांगलंच मागणं आहे की गं."

"बाबा, ते मागायचं नाही म्हणजे... ते मिळणार नाहीये का?"

अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना तो आयुष्यभर बाहेरून सांगत आला होता, 'झालंच, दोन मिनिटं!' तसलं काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, पण पोरीच्या त्या नजरेपुढे त्याला खोटं बोलवेना.

"नाही, बाळा. मिळणार नाही."

"आईला माहीत होतं?"

"हो."

"मग रोज आमच्याकडून का मागवून घेतलंत?"

आईने पदर तोंडाला लावला. "काय मिळणार नाही? काय?" टिल्लू एकेकाला विचारत राहिला.

त्यानंतर ताई प्रार्थनेला बसेना. त्या वेळी ती टेबलाशी बसून, दिव्याकडे पाठ करून अभ्यास करायची. पोरीचं जे मन वाचवायला आपण गेलो तेच आपल्या हातून मोडलं, हे त्याला कळून चुकलं. एका दुपारी त्याने तिला खाटेवर बोलावलं आणि आपल्या आईची गोष्ट सांगितली, अगदी कुसळासकट. "तू कुठेही कमी पडली नाहीस. कितीही मनापासून मागितलं असतंस तरी हे असंच झालं असतं."

"मग देव काय कामाचा?" ताई म्हणाली.

हे वाक्य आयुष्यभर त्याचं स्वतःचं होतं. पोरीच्या तोंडून ते त्याला ऐकवेना. "मला नाही माहीत," तो म्हणाला. "आईला विचार."

आई भांडी टाकून ओल्या हातांनीच येऊन बसली. "मलाही नाही माहीत गं. मला एकटीला हे पेलवत नाही, म्हणून मी तिथे बसते."

एका संध्याकाळी आईला कामावरून यायला उशीर झाला. टिल्लू एकटाच चटईवर बसला, मध्येच शब्द विसरला आणि रडवेला झाला. तेव्हा बाप खाली उतरला. त्याने हात जोडले. ते कसे धरायचे हेही त्याला धड आठवेना. टिल्लूच्या मागोमाग तो म्हणाला, "देवा, आमच्याजवळ राहा." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ताई येऊन त्याला खेटून बसली. तिने हात जोडले नाहीत, त्याच्या दंडाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"त्यांना दुखू देऊ नकोस," ती पुटपुटली. एवढंच.

पण त्याला दुखलं, फार दुखलं. थंडी सरायच्या आत तो गेला.

आई आणि टिल्लू आजही संध्याकाळी बसतात. ताई कधी येते, कधी येत नाही. ती का आली नाही असं आई विचारत नाही. आली, की थोडी सरकून तिला जागा करून देते.