उचकीने दिलेली खुर्ची

ती उचकी साधीसुधी नव्हती. पहिल्या दणक्याला सभागृहाचं झुंबर हललं, दुसऱ्याला दारावरच्या शिपायाने दचकून सलाम ठोकला, आणि तिसऱ्याला छतावरची कबुतरं जी उडाली, ती म्हणे शेजारच्या देशात जाऊन उतरली. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

त्या दिवशी दोघांना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून शपथ घ्यायची होती. आधी दादा, मग बाई, असं ठरलेलं. पण दादांची गाडी 'मी'च्या पुढे सरकेना. 'मी' म्हटलं की उचकी. शेवटी सरन्यायाधीश वैतागून बाईंना म्हणाले, "तोवर तुम्ही उरकून घ्या." बाईंनी उरकलं. उचकी थांबली ती बाईंच्या सहीची शाई वाळल्यावर!

आता त्या न्यायालयाची रीत अशी, की जो शपथ आधी घेतो तो थोरला. वय, पांढरे केस, विद्वत्ता, काही बघायचं नाही. मावळते सरन्यायाधीश सगळ्यात थोरल्याचं नाव सरकारकडे धाडतात, आणि तोच पुढचा सरन्यायाधीश. इतकी वर्षं उचकीचा किस्सा चहाबरोबर चघळला गेला. पण उद्या नाव जायचं होतं आणि आता बाईंना तो किस्सा पचत नव्हता. दादा वर्षअखेर निवृत्त होणार होते. खुर्ची आत्ता मिळाली नाही, तर त्यांना ती कधीच मिळणार नव्हती.

संध्याकाळी बाई थेट दादांच्या स्वयंपाकघरात पोचल्या. दादा मटार सोलत बसले होते.

"दादा, मी सरन्यायाधीश साहेबांना सांगणार आहे, आत्ता माझं नाव नको. आधी तुम्ही. तुमच्यानंतर मी आहेच की."

दादांनी शेंग फोडून दाणे तोंडात टाकले.

"अहो, भाजीतही पडू द्या दोन दाणे!" वहिनी ओट्याजवळून ओरडल्या.

"हे बघ," दादा म्हणाले, "आज तू आपणहून बाजूला होशील. लोक म्हणतील, काय मोठं मन! उद्या सरकारला नकोसा असा कुणी थोरला निघेल. मंत्री त्याच्या दारात जातील आणि म्हणतील, बाईंनी दाखवलं तसं मोठं मन तुम्हीही दाखवा. मग?"

दादांनी पुढची शेंग फोडली.

"अगं, उचकीला वशिला लावता येत नाही. तिला जेवायला बोलावता येत नाही. तिने बसवलेला माणूस कुणाचं देणं लागत नाही. असा नेमणारा शोधून सापडणार नाही."

"पण हक्क तुमचा होता, दादा."

"होता. उचकीपर्यंत."

"हक्काचं कौतुक नका सांगू," वहिनी म्हणाल्या. "त्या शपथेच्या सकाळी कोरड्या पावाबरोबर पाण्याचा पेला मीच समोर ठेवला होता. तर म्हणे, शपथेला जाताना पाणी कशाला! आता सोला मटार." मग बाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "सकाळपासून सोलतायत. भाजी तिघांची, आणि मटार बघ, अख्ख्या न्यायालयाला पुरतील."

बाईंनी खाली पाहिलं. सालांचा ढीग टेबलाच्या गुडघ्याला लागला होता. दादांना हे सोपं जात नव्हतं, आणि तरीही ते बाईंना खुर्चीकडे ढकलत होते. बाईंनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि एक शेंग उचलली.

"फोडायची कशी ते तरी येतं का?" दादांनी विचारलं.

"थोरली आहे मी तुमच्याहून," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "नीट बोला."

नाव गेलं, मंजूर झालं. शपथेच्या दिवशी दादा पहिल्या रांगेत होते. हातात पाण्याचा पेला, वहिनींच्या हुकमावरून; बाईंना लागलाच तर. पण बाईंचा शब्द कुठे अडखळला नाही. शेवटचा शब्द पडला, सभागृह शांत झालं, आणि पहिल्या रांगेतून आवाज आला: "हिक्!"

झुंबर परत हललं. सगळं सभागृह हसत सुटलं, नव्या सरन्यायाधीशही. हसता हसताच त्यांनी आपला पहिला आदेश दिला.

"दादा, पाणी प्या."

वहिनींना आयुष्यभर जे जमलं नव्हतं ते झालं. दादांनी निमूटपणे पेला रिकामा केला.