मालननं पुढे केलेला वजीर

नवऱ्याकडून हरण्यासाठी देव पाण्यात घालून बसलेली बाई तुम्ही कधी पाहिलीय? त्या रविवारी मुलुंडच्या एका हॉलमध्ये बसली होती. मालन तिचं नाव.

समोर तिचे हे, चंद्रप्रकाश. बुद्धिबळाच्या स्पर्धेत नेमकी नवरा-बायकोचीच जोडी लागली. अख्खा हॉल हसला. चंद्रप्रकाशांचं रेटिंग तिच्यापेक्षा कितीतरी वर. लग्नानंतर तिला खेळ शिकवला तो त्यांनीच, आणि तेव्हापासून ती एकदाही त्यांच्याविरुद्ध जिंकली नव्हती.

लेक रुचिरा हल्ली कानीकपाळी ओरडत होती, "आई, बाबा घराची वाट विसरतात. डॉक्टरांना दाखव ना!" मालन उसळायची, "काही नको! अजून पटावर मला लोळवतात. एवढं डोकं चालतंय, त्यांना काय धाड भरलीय?" आज ते जिंकले की पोरीचं तोंड बंद, एवढंच तिला हवं होतं.

सुरुवात झकास झाली. मग त्यांनी घोडा फुकट पुढे घातला. तिनं तो मारलाच नाही. पाठोपाठ हत्तीही तसाच उघडा पडला. तेव्हा मात्र तिनं मनाचा हिय्या केला आणि आपला वजीर सरळ त्यांच्या उंटाच्या तोंडी दिला. घ्या म्हणावं! डाव चालू असताना बोलायची सोय नाही, नाहीतर ओरडलीच असती. घरी तिचा वजीर मारला की ते तो आपल्या चहाच्या कपाशेजारी उभा करायचे. "या वजीरसाहेब, बसा!" म्हणायचे, आणि ती चिडायची.

आज ते वजिराकडे नुसते बघत राहिले. त्यांचं घड्याळ पळत होतं. अहो, मारा ना, ती मनात रडत होती. त्यांचा हात एकदा वर आला, उंटापाशी घुटमळला आणि परत मांडीवर गेला.

वेळ संपली. पंच म्हणाले, "मालनताई जिंकल्या!" टाळ्या पडल्या. जळली मेली ती जीत!

चंद्रप्रकाश उठले. हसून, अदबीनं त्यांनी हात पुढे केला.

"छान खेळलात, बाई. कुणी शिकवलं तुम्हाला?"

उभ्या जन्मात त्यांनी तिला अहो-जाहो केलं नव्हतं. तिनं तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आमच्या ह्यांनी."

"वा! त्यांना एकदा भेटायला हवं."

"हो," मालन म्हणाली. "मलाही."