पक्की चौकशी

"बाई, ही शकुबाई कोण हाय?"

कवडूजींनी वही काउंटरवर उघडी टाकली आणि एका नावावर बोट दाबून धरलं. "तीनदा लिवलं तुम्ही हे नाव. तीनदा गेलो मी तिच्या घरी. सेलूपासून चार मैल सायकल हाणत. घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. नवरा जंगलात लाकडाच्या कामावर. अन् ते बाई म्हणते, भाऊ, मशीन लई सोन्यासारखी हाय, पण मी कायची घेतो?"

सुलोचना प्रात्यक्षिकाच्या हातमशीनला तेल घालत होती. तेलाचा एक थेंब जास्त पडला, तो तिने चिंधीने टिपून घेतला.

वर्ध्याच्या बाजारातल्या या शिवणयंत्रांच्या एजन्सीत ती तीन वर्षांपासून कामाला होती. काम सरळ होतं. आठवड्यातले पाच दिवस गावोगाव जायचं, कोणाच्या तरी ओसरीवर मशीन मांडायची, जमलेल्या बायकांना झबलं नाहीतर पोलकं शिवून दाखवायचं आणि जिला मशीन हवी असेल तिचं नाव वहीत लिहायचं. त्या लिहिण्याला 'चौकशी' म्हणत. सोमवारी वही कवडूजींकडे जाई. मग ते त्या घरी जाऊन मशीन विकायला बघत. नाव लिहिल्यावर त्याचं पुढे काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ते नाव कसं लिहिलं गेलं ते कवडूजींना. दोघांची गाठ फक्त या काउंटरपाशी पडे.

एजन्सीचे मालक महादेवराव आतून आले. त्यांच्या हातात नागपूरच्या कचेरीचं पत्र होतं.

"हे ऐका दोघंही," ते म्हणाले. "दिवाळीपासून चौकश्या एकशे बारा. विक्री पाच. नागपूरवाले विचारून राह्यले, इतक्या चौकश्या असून माल काऊन उठत नाई? होळीपर्यंत सुधारलं नाई तं दोघांपैकी एकच माणूस ठेवा म्हणतात."

"माझा काय दोष?" कवडूजी म्हणाले. "कच्च्या चौकश्यांवर पायतानं झिजवून राह्यलो मी."

"कच्च्या नाई त्या," सुलोचना पहिल्यांदाच बोलली. "तुम्हाले बोलता येत नाई बायकांशी."

महादेवरावांनी चष्मा काढला. "मले एक सांगा. पक्की चौकशी म्हणजे काय? सांगा कवडूजी."

"ज्याच्या घरी घ्याची ऐपत हाय ते."

"तुम्ही सांगा बाई."

"जिले मनापासून शिकाचं हाय ते."

"पाहा. एका दुकानात दोन माणसं, अन् एका शब्दाचे दोन अर्थ." त्यांनी पत्राची घडी केली. "उद्या दोघंही सोबत जा. पुलगाव उतरा, नाचणगाव करा. बाई काय करतात ते तुम्ही पाहा, कवडूजी, अन् तुम्ही काय करता ते बाईले पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरमध्ये दोघं समोरासमोर बसली. मशीनची पेटी बाकाखाली होती. कवडूजींनी उजव्या पायातला बूट काढला आणि करंगळीजवळचं कुरूप चोळत बसले. पन्नाशीचा माणूस. काउंटरवर मोठ्याने बोलणारा, इथे मात्र एकदम म्हातारा वाटला तिला.

"घरी कोण कोण असते, बाई?" त्यांनी सहज विचारलं.

"सगळे हायेत," ती म्हणाली.

गावोगावच्या बायका हेच विचारत आणि ती हेच उत्तर देई. गळ्यात मंगळसूत्र होतं, त्यामुळे पुढे कोणी विचारत नसे. नवरा नऊ वर्षांपूर्वी बल्लारशाला लाकडाच्या डेपोत कामाला म्हणून गेला. एक पोस्टकार्ड आलं. मग त्याने तिकडे दुसरं घर केल्याचं कानावर आलं. वर्ध्यातल्या तिच्या खोलीत एक खाट, एक चूल आणि खिडकीत तुळशीचा डबा एवढंच होतं.

पुलगावला उतरून त्यांनी टांगा केला. वाटेत कवडूजींनी वही काढली. "नाचणगावात पयलं नाव यशोदाबाई. हिच्यापुढं तुम्ही दोन ठिपके देले."

"ते पक्की आहे. कापडावर तिचा हात असा चालते की पाहत राहावं. पण दिवाळीनंतर महिन्याभरानं ते येईनाशीच झाली. मन बदललं असंन."

"मी गेलतो तिच्या घरी. ओट्यावर तिचा सासरा बसला होता, किसनराव. मी म्हटलं, तुमच्या सुनेनं मशीन मांगितली हाय."

सुलोचनाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "सासऱ्यासमोर तिचं नाव घेतलं?"

"मंग कोणाचं घेऊ? वहीत तं तिचंच होतं. बुढा म्हणे, आमच्या घरच्या सुना मांगत नसतात. अन् उठून अंदर गेला."

यशोदाचं मन बदललेलं नव्हतं. तिला ओसरीवर यायची बंदी झाली होती, आणि ती एका नावामुळे. ते नाव सुलोचनाने लिहिलं होतं. घरात वडील कोण, कोणाचा शब्द चालतो, हे लिहायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"चुकलं," कवडूजी हळूच म्हणाले.

"दोघांचंही," ती म्हणाली. मग सांगू लागली, "बुढ्याचा उजवा खांदा उतरला आहे. जवानीत कापसाच्या बोंदऱ्या, मोठाली पोती, वाह्यली त्यानं. पुलगावचा शिंपी दोन्ही खांदे सारखे धरून बंडी शिवते, म्हणून ते एका बाजूनं लोंबते. यशोदानंच सांगितलं होतं मले. सासऱ्याची बंडी नीट शिवून द्याची, हे तिच्या मनात होतं."

"हे वहीत काऊन नाई लिवलं?"

"वहीत नावाचाच रकाना आहे."

किसनराव ओट्यावरच होते. कवडूजींना ओळखून त्यांनी तोंड फिरवलं. पण यावेळी कवडूजींनी मशीनचा विषयच काढला नाही. ते ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि कापसाबद्दल बोलू लागले. पहिल्या वेचणीचा कापूस कसा होता, गिरणीत कोणता धागा चालतो, आणि बोलता बोलता पूर्वी पाठीवर बोंदऱ्या वाहत त्याची गोष्ट निघाली. म्हाताऱ्याचा हात आपोआप खांद्याकडे गेला. सुलोचना ऐकत होती. घरोघर फिरून ती जे जाणून घेई, ते कामी कसं आणायचं हे या माणसाला येत होतं. तिला ते कधीच जमलं नसतं.

"बंडी द्या," ती म्हणाली. "बिघडली तं नवी आणून देईन."

ओट्यावरच तिने मशीन मांडली. उजव्या खांद्याची शिवण उसवली, दोन बोटं कापड आत घेतलं, उतार दिला आणि पुन्हा शिवून टाकली. सारं मिळून वीस मिनिटं लागली. किसनरावांनी बंडी अंगात घातली. इकडे वळले, तिकडे वळले. मागच्या दारात सासू उभी होती, ती तोंडावर पदर धरून म्हणाली, "सरळ बसली बाप्पा!"

किसनराव बराच वेळ बंडीचा काठ चाचपत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे मशीन घरी आणली तं चालवन कोण?"

कवडूजींनी तोंड उघडलं, पण सुलोचनाकडे पाहून मिटून घेतलं.

"तुम्ही ज्याले सांगान तो," ती म्हणाली.

किसनरावांनी दाराकडे पाहून हाक मारली. "यशोदे! इकडं ये. पाहून घे हे."

यशोदा बाहेर आली. सुलोचनाकडे तिने एकदाच पाहिलं आणि लगेच मशीनकडे वळली.

परतीच्या गाडीला वेळ होता. पुलगावच्या फलाटावर दोघांनी वही मांडीवर घेऊन एकशे बारा नावं वाचायला घेतली. आता रकाने वाढले होते. घरात शब्द कोणाचा, कपडे शिवायची माणसं किती, शिंपी कोण, कापूस बाजारात केव्हा जाणार. जिथे यांतलं काहीच सांगता येईना, तिथे कवडूजी पेन्सिलीने रेघ मारत. रेघा वाढत गेल्या. प्रत्येक नावाशी सुलोचनाला काही ना काही आठवत होतं. एकीने तिला ज्वारीच्या कण्या खाऊ घातल्या होत्या. एकीने नवऱ्याबद्दल सारं सांगून मग तोंड धुतलं होतं. एक जण तिच्या केसांना तेल लावून देत म्हणाली होती, लई कोरडे झाले बाई. मशीनचं बोलणं त्यांतल्या कितीशा जणींनी केलं होतं, ते मात्र आठवेना.

शकुबाईचं नाव आलं.

"बाई, खरं सांगा," कवडूजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "हे घेईन असं वाटलं होतं तुम्हाले?"

"नाई."

"मंग तीनदा काऊन लिवलं?"

ती रुळांकडे पाहत राहिली. "नाव लिवलं की घडीभर बसता येते, कवडूजी. नाई लिवलं तं उठा लागते."

कवडूजींनी पेन्सिल खाली ठेवली. पलीकडे एक हमाल गाडीची वाट पाहत पोत्यावर झोपला होता. कवडूजी म्हणाले, "राहू द्या हे एक."

"नाई," ती म्हणाली. तिने पेन्सिल उचलली आणि रेघ स्वतःच मारली.

होळीच्या आधी नागपूरचं पत्र आलं. चौकश्या एकेचाळीस, विक्री एकोणीस. वर्धा एजन्सीचं काम समाधानकारक आहे, दोन्ही माणसं कायम ठेवावीत. महादेवरावांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. कवडूजींनी गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणला आणि पहिला तुकडा सुलोचनाच्या हातावर ठेवला. "तुमच्या वहीत आता बोट ठेवाले जागा नाई, बाई," ते म्हणाले.

खरं होतं ते. पूर्वी ती दिवसाला बारा घरं करायची, आता चार. त्या चार घरी नेमके प्रश्न विचारून, नेमकं लिहून ती दुपारच्या गाडीने परत येई. आणि ज्या घरी मशीन जाई, तिथलं तिचं काम चार दिवसांचं. कंपनीतर्फे चार धडे, मग ते घर संपलं. काम जितकं पक्कं होत गेलं, तितकी दारं लवकर मिटत गेली.

सेलूच्या बाजारात एकदा शकुबाई भेटली. डोक्यावर जळणाच्या लाकडांचं ओझं होतं. तसंच धरून ती हसली. "येत नाई बाई आता? वाट पाह्यली मी."

"काम वाढलं, शकुबाई."

"माझं नाव नोका लिवू. तो भाऊ बिचारा सायकल घेऊन येते, मले कसंतरी वाटते. पण तुमी येजा. बिन लिवल्याच्या येजा."

"येईन," सुलोचना म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने न्हाऊन धुतलेलं लुगडंही नेसलं. पण मशीनची पेटी नाही, वही नाही, नुसतं कोणाच्या दारी उभं राहायचं तर काय म्हणून, हे तिला ठरवता येईना. मोटारीची वेळ होऊन गेली, तशी ती लुगडं बदलून तांदूळ निवडत बसली.

यशोदाचा चौथा, शेवटचा धडा फाल्गुनात आला. घरची माणसं शेतात गेली होती. ओसरीवर मशीन आता स्वतःच्या टेबलावर होती, आणि तिच्यावर यशोदाने स्वतःच्या हाताने भरलेला रुमाल झाकलेला होता. टीप सरळ येत होती. काज चांगले होत होते. राहिलं होतं ते माप घेणं.

"माप घ्याले माणूस पाह्यजे," यशोदा म्हणाली. "सासूबाई तं अंगाले हात लावू देत नाई."

"माझंच घे."

सुलोचना उभी राहिली. यशोदाने टेप उलगडला. खांदा मापला, मग पाठ. तिची बोटं गार होती. मानेपासून कमरेपर्यंत टेप सोडताना तिने दुसऱ्या हाताचा तळवा सुलोचनाच्या पाठीवर ठेवला, टेप सरकू नये म्हणून.

"असा ठेवू?"

"हो. ठेव," सुलोचना म्हणाली.

"आता हात वर करा, बाई."

तिने हात वर केले. यशोदाने दोन्ही बाजूंनी हात घालून टेप छातीभोवती आणला, आणि क्षणभर तिचं कपाळ सुलोचनाच्या खांद्याला टेकलं. आकडा तिने पुटपुटत वाचला. "लई बारीक हाय तुम्ही, बाई. दिसत नाई तशा."

"दोन बोटं मोकळं धर. माणसाले श्वास घ्या लागते."

यशोदाने दोन बोटं आत सरकवली, पुन्हा वाचलं, आकडा मनाशी घोळवत टेप सोडवला आणि कागदाशी गेली. जमिनीवर बसून जीभ दाताखाली धरून ती काळजीपूर्वक लिहू लागली. अंगणात कोंबड्या चरत होत्या. आकडे पुरे लिहून झाल्यावर तिने मान वर केली.

"झालं, बाई," ती म्हणाली. "खाली करा हात."