एका बाहीचा शर्ट

मास्तरची बायको दुकानात आली तेव्हा फ्रेमवाला एका आरशामागे पुठ्ठा ठोकत बसला होता. ओठांत चार खिळे होते, म्हणून त्याने मानेनेच 'या' म्हटलं.

"भावजी, चालू द्या तुमचं, मला दोनच मिनिटं," म्हणत तिने पर्समधून एक लिफाफा काढला. "रविवारी ह्यांना पन्नास पूर्ण होतायत. ह्यांना पत्ता लागू द्यायचा नाहीये. तुमच्या पोटात राहील ना?"

त्याने खिळे काढून बाजूला ठेवले. "माझ्या पोटात काय वाट्टेल ते राहतं, वहिनी."

लिफाफ्यात फोटो होता. डोंगराच्या अगदी माथ्यावर रचलेला दगडांचा ढीग, मागे धुतल्यासारखं निळं आकाश, आणि ढिगाला टेकून एकमेकांच्या गळ्यात हात टाकलेले दोघं, मास्तर आणि दातांचा डॉक्टर. दोघंही खदाखदा हसत होते.

"ह्यांच्या नकाशांच्या जाड पुस्तकात सापडला," वहिनी कौतुकाने सांगत होती. "असं हसताना मी ह्यांना आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही. तुम्ही नाहीत ह्यात, म्हणजे फोटो काढणारे तुम्हीच. हो ना?"

फ्रेमवाल्याची नजर मास्तरच्या डाव्या हातावर अडकली होती. मास्तरच्या अंगात चौकड्यांचा शर्ट होता. उजवी बाही मनगटापर्यंत होती. डावी नव्हतीच. खांद्यापासून फाडलेली, दोरे लोंबत होते.

"हं," तो म्हणाला.

वहिनीने अक्रोडाच्या रंगाची पट्टी निवडली, रविवारी सकाळी घेऊन जाते म्हणाली आणि गेली. फ्रेमवाल्याने फोटो टेबलावर ठेवला. मग भिंग घेऊन पुन्हा पाहिला. भिंगाची काही गरज नव्हती. ते शिखर कुठलं हे त्याला ठाऊक होतं, आणि ती बाही कुठे गेली हेही.

हे तिघं बावीस वर्षं डोंगर तुडवत होते. वर्षातले आठ दिवस दुकान बंद, शाळेत रजा, दवाखान्याला कुलूप. मास्तर भूगोलाचा, त्यामुळे वाट त्याने काढायची. डॉक्टरने औषधं आणि विनोद सांभाळायचे. फ्रेमवाल्याच्या हाताला कौशल्य, म्हणून तंबू, दोर, चूल त्याच्याकडे. एकदा जंगलात तंबू वाहून गेला तेव्हा तिघं एका खडकाच्या कपारीत पाठीला पाठ लावून बसले होते. एकदा डॉक्टरने जळवांना घाबरून दोन मैल पळ काढला होता, आणि मग पुढची दहा वर्षं बाकी दोघांनी त्यावरून त्याची टर उडवली. ह्या एका शिखराने मात्र त्यांना दोनदा हुलकावणी दिली होती. दोन्ही वेळा धुक्याने परतवलं. चार वर्षांपूर्वी ते तिसऱ्यांदा गेले.

शेवटच्या चढणीच्या पायथ्याशी, सकाळी नऊच्या सुमारास, फ्रेमवाल्याच्या पायाखालचा दगड निसटला. तो पंधरा फूट खाली घसरला आणि गुडघा भलत्याच बाजूला वळला. मास्तरने शर्टाची बाही टरकन फाडली, दोन काठ्या लावून पाय बांधला. डॉक्टरने गोळी दिली. शिखर डोक्यावर लख्ख दिसत होतं, पण कुणी मान वर केली नाही. निदान फ्रेमवाल्याला तसं वाटलं.

"खाली जंगलाच्या चौकीवर माणसं असतात. आम्ही धावत जातो," मास्तर म्हणाला होता. "चारपर्यंत डोली घेऊन येतो. तू हलू नकोस."

ते आले साडेसातला. वाटेतला ओंडक्यांचा पूल ओढ्याने नेला होता, लांबून वळसा पडला, असं डॉक्टरने धापा टाकत सांगितलं. फ्रेमवाला त्यांच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला होता.

आणि त्यानंतर चार वर्षं त्याने ती गोष्ट जो भेटेल त्याला सांगितली. गिऱ्हाइकांना, व्याह्यांना, शेजाऱ्यांना. पूल नसताना ही दोघं कशी धावली, पायांची सालं निघाली तरी कशी थांबली नाहीत. मुलीच्या लग्नात तर त्याने भर मांडवात दोघांना पुढे ओढून पाहुण्यांना दाखवलं होतं, "हे होते म्हणून मुलीचा बाप आज उभा आहे." दोघंही खाली मान घालून उभे होते. केवढा विनय, असं त्याला वाटलं होतं!

गुरुवारी शाळा सुटल्यावर तो मास्तरच्या वर्गात गेला. गुडघ्यामुळे दोन जिने चढायला वेळ लागला. मास्तर फळा पुसत होता.

"अरे, तू? इकडे कुठे वाट चुकलास?"

फ्रेमवाल्याने फोटो बाकावर ठेवला. मास्तर जवळ आला, वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. बऱ्याच वेळाने त्याने खाली बसायला बाक ओढला.

"कुणी दिला?"

"ते राहू दे. पूल वाहून गेला होता का?"

"नाही."

"वर किती वेळ लागला?"

"जाऊन येऊन तीन तास. मागच्या अंगाने गेलो, तुला दिसू नये म्हणून." मास्तरचा आवाज खाली गेला. "डॉक्टर म्हणाला, आकाश असं पुन्हा कधी मोकळं मिळायचं नाही. तुझा जीव काही धोक्यात नव्हता. गुडघाच होता. मी नको म्हणत होतो, खरंच सांगतो. पण मग... दोनदा परत फिरलो होतो रे."

"मला सांगून गेला असतात तर?"

"तू जा म्हणाला असतास."

"हो. जाच म्हणालो असतो."

खालच्या मैदानात कुणीतरी शिक्षिका मुलांवर ओरडत होती. मास्तर हातातलं फडकं चुरगाळत होता, खडूची भुकटी त्याच्या मांडीवर पडत होती.

"एक सांगू?" तो एकदम म्हणाला. "हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुझी शिट्टी ऐकू येत होती. सहा वेळा, मग थांबून पुन्हा सहा वेळा. मदतीची खूण, मीच शिकवलेली. वर अगदी स्वच्छ येत होती."

फ्रेमवाल्याने विचारलं, "दगडावर कॅमेरा लावून हा फोटो काढताना?"

मास्तरने मान हलवली. हो म्हणून.

फ्रेमवाला उठला. फोटो त्याने तिथेच ठेवला. "तुझ्या बायकोने वाढदिवसासाठी मढवायला दिला होता. मला नाही जमायचं. का, ते तिला तू सांग."

"सांगतो. नक्की सांगतो. तू पार्टीला मात्र ये."

शुक्रवारी डॉक्टरचा फोन आला. त्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, मग चिडला. "तीन तासांचा केवढा बाऊ करतोयस? आणलं ना तुला खाली? पायाचं जे व्हायचं ते तसंही झालंच असतं, मी डॉक्टर आहे, मला विचार."

"पायाचं कुणी काढलंय?" फ्रेमवाला म्हणाला. "मांडवात मी तुझा हात धरून बोलत होतो. तू ऐकून घेतलंस. पुन्हा फोन करू नकोस."

शनिवारी दुपारी वहिनीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीपेक्षा जपून येत होता. "भावजी, मनाला लावून घेऊ नका हं. होतं असं कधीकधी. फक्त मला आधी कळवायला हवं होतं, मी दुसरं काहीतरी बघितलं असतं."

"काय कळवायला?"

"ह्यांनी सांगितलं ना. दुकानात फोटोवर पाणी सांडलं, खराब झाला. मला सांगायला तुम्हाला ओशाळं वाटत होतं, म्हणून ह्यांच्याकडे बोललात."

फ्रेमवाल्याच्या हातात काच कापायचं कटर होतं, ते त्याने जपून खाली ठेवलं. शिखरावर जाऊन आले ते एकवेळ समजू शकतं, असं तो दोन दिवस स्वतःला बजावत होता. निळ्या आकाशाची भुरळ पडते माणसाला. त्यालाही पडली असती. पण ह्या वेळी मास्तरसमोर ना शिखर होतं ना आकाश. होती फक्त स्वयंपाकघरात उभी असलेली बायको.

"वहिनी, फोटोला काहीही झालेलं नाही. गुरुवारी मी तो मास्तरकडे दिला. का दिला ते त्यालाच विचारा. आणि तुम्ही मला विचारलं होतंत ना, फोटो मी काढला का? मी हं म्हणालो. ते खोटं होतं. मी तेव्हा खाली पडलेलो होतो."

मग "बरं" एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

रविवारी बारा वाजले तरी तो घरच्या कपड्यांत बसलेला पाहून त्याची बायको आतून आली. ती नवी साडी नेसून तयार होती.

"अहो, निघायचं ना? वाढदिवस त्यांचा आहे, रुसवा तुमचा का?"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती साडीच्या निऱ्या सावरत त्याच्यासमोर खुर्चीत बसली. इतकी वर्षं त्या दोघांना ती भावासारखं वागवत आली होती, नवरा घरी नसतानासुद्धा त्यांना जेवू घालत होती. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते तो बघत राहिला. आता ती त्यांना शिव्या देईल असं त्याला वाटलं.

तिने विचारलं ते वेगळंच. "तुम्ही शिट्टी का वाजवत होतात? ती माणसं संध्याकाळी येणार, हे तर तुम्हाला माहीत होतं."

चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या गोष्टीत धावणारेच होते. पडून राहिलेल्या माणसाबद्दल त्यात एक वाक्यही नव्हतं.

"झाडीत काहीतरी होतं," तो शेवटी म्हणाला. "मोठं. दिसलं नाही. पण श्वास ऐकू यायचा. मी शिट्टी वाजवली की थांबायचा, आणि थोड्या वेळाने आणखी जवळून यायचा."

"मग?"

"मग मी पुन्हा वाजवायचो. ओठ फुटले होते. तोंडात नुसतं रक्त येत होतं."

बायकोने पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सारल्या.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "ते दोघं गेले, तिथून."